टॉर्शन बार: जाड घ्यावा की आहे तोच ठेवावा?

प्रश्न: आमच्याकडे 1967 ची प्लिमथ फ्युरी आहे, 318 घनइंची व्ही-एट इंजिनाची. सासऱ्यांनी जपलेली गाडी आता मी चालवते. पुढून ती खाली बसली आहे, डावीकडे जरा जास्तच. एक मिस्त्री म्हणतात, बोल्ट आवळला की झालं. दुसरे म्हणतात, 440 इंजिनवाल्या गाडीचे जाड बार मागवा. उद्यमनगरात एकजण लेथवर नवे बार करून द्यायला तयार आहेत. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी पहिल्या मिस्त्रींचं ऐका, पण अर्धंच. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लरनं 1957 च्या मॉडेलांपासून पुढच्या कॉइल स्प्रिंग काढून लांब पोलादी बार बसवले, तेच हे टॉर्शन बार. चाक वर उचललं की बार पिळला जातो, आणि तो पीळच गाडी तोलतो. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मजवळचा बोल्ट फिरवला की गाडीची उंची बदलते, बाराचा कडकपणा बदलत नाही. म्हणजे नुसती बसलेली गाडी बोल्टानं उठेल. हेलकावे खाणारी गाडी त्यानं सुधारणार नाही.

उंची मोजण्याआधी चारही टायरांत हवा सारखी भरा, टाकी भरून घ्या, बॉनेटवर दाब देऊन गाडी दोन-चारदा हलवा आणि मग सोडा. डाव्या-उजव्या उंचीत पाव सेंटीमीटरहून फारसा फरक नको. बोल्ट गंजला असेल तर आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा आणि चाकं लोंबकळती ठेवूनच फिरवा. उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करावंच लागतं, ते टाळू नका. बोल्ट पूर्ण आवळूनही तोंड वर येत नसेल, तर बार थकला आहे किंवा बाराचं मागचं टोक धरणारा आडवा तुळवा, म्हणजे क्रॉस मेंबर, गंजून खचला आहे. तिथं टॉर्च मारून, टोच्यानं ठोकून बघा.

आता जाड बार. बाराची जाडी दहा टक्के वाढली तर कडकपणा जवळपास 46 टक्के वाढतो, कारण हा हिशेब व्यासाच्या चौथ्या घाताचा आहे. 440 चं इंजिन तुमच्या 318 पेक्षा बरंच जड. त्याच्यासाठी बनवलेला बार तुमच्या गाडीत घातला तर गगनबावड्याच्या वळणावर ती कमी झुकेल, हे खरं. पण गल्लीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला ठोकर थेट स्टिअरिंगवर येईल. फ्युरी ही ऐसपैस, मऊ चालणारी गाडी, तिचं तेच रूप मला आवडतं. मी मूळ जाडीचाच बार घेईन आणि वाचलेले पैसे खालच्या आर्मचे बुश, स्ट्रट रॉडचे रबर आणि चांगल्या शॉकॲब्सॉर्बरवर घालीन. गाडी लडबडते त्याचं कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

मागवताना ‘सी-बॉडी’ असं स्पष्ट सांगा, क्रायस्लरच्या फ्युरीसारख्या मोठ्या गाड्यांच्या सांगाड्याचं ते नाव. डार्ट किंवा कोरोनेट या क्रायस्लरच्याच लहान गाड्यांचे बार लांबीला वेगळे, ते बसणार नाहीत. डावा-उजवा जोड एकत्र घ्या आणि टोकावरची खूण बघा. कारखान्यात बार एका ठरावीक दिशेनं पिळून तयार केलेला असतो, म्हणून डावा उजवीकडे घालायचा नाही. जुना बार घेत असाल तर उजेडात धरून नखानं पूर्ण लांबी चाचपा. नख अडकेल असा ओरखडा दिसला की तो बार बाजूला ठेवा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. याच कारणासाठी बार काढताना पाइप पाना लावू देऊ नका.

लेथवरच्या बाराला माझा ठाम नकार आहे. आपल्या उद्यमनगरातले हात काहीही घडवू शकतात, त्याबद्दल मला अभिमान आहे. पण इथं आकार ही सोपी बाजू आहे. योग्य स्प्रिंग स्टील, पाणी देऊन पुन्हा तापवणं, आधी पीळ देऊन ठेवणं, वरून छर्र्यांचा मारा, या सगळ्याविना तो बार एकतर मऊ पडून बसेल, नाहीतर धावत्या गाडीत तुटेल.

प्रश्न: माझी 1965 ची इम्पाला आहे. तिला टॉर्शन बार बसवता येतील का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: त्या वाटेला जाऊ नका. शेव्हरोलेच्या या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंगच आहेत आणि फ्रेमला बाराची जागाच नाही. गाडी बसली असेल तर तिच्या मापाच्या नव्या कॉइल घाला, जोडीनंच.