उन्हाळ्यात शेतातल्या गवताच्या धावपट्टीवर फ्लाय-इन (पायलट आपापली विमानं घेऊन जमतात तो मेळावा) आहे, पहिल्यांदाच स्वतःचं विमान घेऊन जातोय. काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की विमान चार सीटचं, धावपट्टी ६०० मीटरची, सोबत दोन मित्र आणि आजवर फक्त डांबरी धावपट्टीवरच उतरलायत. मग पहिला प्रश्न मीच विचारतो, परत किती वाजता निघणार? कारण नवीन माणूस आठवडाभर उतरायचीच चिंता करत बसतो आणि फसतो निघताना. बऱ्याच छोट्या विमानांना उतरायला जेवढी जागा लागते त्यापेक्षा उडायला जास्त लागते, म्हणजे जिथे आरामात उतरलात तिथून उडता येईलच असं नाही.

मी असाच फसणार होतो. सकाळी गारव्यात छान उतरलो, दिवसभर दुसऱ्यांची विमानं बघत गप्पा मारल्या, दुपारी तीनला दोघा मित्रांना घेऊन बसलो आणि इंजिन सुरू करणार तेवढ्यात तिथले एक म्हातारे पायलट खिडकीशी येऊन म्हणाले, "हिशोब केलायस का रे?" केला नव्हता. मग त्यांनी तिथेच कागद काढायला लावला. विमानाच्या मॅन्युअलप्रमाणे उडून ५० फुटांचा अडथळा पार करायला ४५० मीटर. कोरड्या गवताचे २० टक्के वाढवले की ५४०. धावपट्टीला २ टक्के चढ होता, त्याचे आणखी १० टक्के, झाले ५९४. आणि हे झालं नवीन इंजिन आणि कसलेल्या टेस्ट पायलटचं गणित, म्हणून वर सुरक्षिततेसाठी १.३३ ने गुणायचं, म्हणजे जवळपास ७९०. धावपट्टी तुमच्याएवढीच, आणि पलीकडच्या टोकाला विजेच्या तारा. मी गपचूप खाली उतरलो.

त्यात ऊन. गरम हवा विरळ असते, इंजिनाची ताकद कमी होते, प्रोपेलरची ओढ कमी होते, पंखांनाही तेवढीच उचल मिळवायला जास्त वेगाने पळावं लागतं. १००० फूट उंचीवरची धावपट्टी आणि पारा ३५ वर असला तर विमानाच्या लेखी ती साधारण ३६०० फुटांवर असते. तुमच्या मॅन्युअलचा तक्ता नक्की कुठल्या तापमानाचा आहे ते बघा, मी थंडीतल्या आकड्यांवर विसंबून उन्हाळ्यात निघालेले लोक बघितलेत.

शेवटी मित्र कोणाच्या तरी गाडीतून जवळच्या डांबरी धावपट्टीवर गेले आणि मी ऊन उतरल्यावर एकटा उडून त्यांना तिथून उचललं. दीड तास गेला, थोडी चेष्टा झाली, बाकी काही नाही. वजनाचा फरक मोठा असतो हो, १० टक्के वजन वाढलं की टेकऑफला साधारण २० टक्के जागा जास्त लागते. म्हणून टाकी उगाच काठोकाठ भरून जाऊ नका, पण शेतात पेट्रोल मिळेल असंही धरू नका, जाऊन परत यायचं आणि वर राखीव एवढं हवंच.

उतरायचं म्हणाल तर मालकाला आधी फोन करून परवानगी घ्या आणि तेव्हाच विचारा की गवत किती वाढलंय, चढ कुठल्या बाजूला, तारा कुठे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कुठल्या घरांवरून उडायचं नाही. विमानांना सूचना देणारा टॉवर नसतो, सगळे आपापली पोझिशन रेडिओवर सांगत असतात आणि एखाद्या जुन्या विमानात रेडिओच नसतो, त्यामुळे डोळे बाहेर ठेवा. सकाळी दव असेल तर ब्रेकचा भरवसा धरू नका, गवतावर चाकं घसरतात. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा) मागे ओढून धरा, पुढच्या चाकावर भार कमी येतो, सशाचं एक बीळ प्रोपेलर वाकवायला पुरेसं असतं.

विमान बांधायचे खुंटे आणि दोर घरूनच न्या. रात्री राहणार असाल तर गुरं कुठे सोडतात तेही विचारून घ्या, हसू नका, कापडी विमान गाई चाटतात आणि फाडतातही. लोक पोरांना घेऊन विमानं बघायला येतात, त्यांना प्रोपेलरला हात लावू देऊ नका, मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची) अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर चावी बंद असूनही इंजिन फटकन सुरू होऊ शकतं.

आणि निघायच्या आधी धावपट्टी एकदा पायी चालून या. येताना बरोबर मध्यावर, कडेच्या कुंपणाला काहीतरी भडक बांधून ठेवा, मी केशरी टीशर्ट बांधतो. तिथे पोचेपर्यंत उडायच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) मागे घ्यायचं आणि थांबायचं. टीशर्ट नंतर कोणीतरी आणून देतं.