वर्गणी न भरता नोंदी ठेवायला कोणतं ओपन सोर्स अ‍ॅप घ्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बऱ्याच वर्षांच्या नोंदी एव्हरनोटमध्ये साठल्या आहेत, फुकटच्या खात्यात आता नवीन काही ठेवता येत नाही आणि दरवर्षी पैसे भरायची तयारी नाही. लॅपटॉप विंडोजचा, फोन अँड्रॉइड. नोंदी मराठी-इंग्रजी मिसळून, शिवाय पुस्तकांच्या पानांचे फोटो. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा अ‍ॅपांत, काय घ्यावं?

सरळ उत्तर हवं असेल तर जॉप्लिन घ्या. पण ते का, हे वाचून मगच घ्या, कारण हीच पाळी तुमच्यावर पुन्हा येऊ नये हा खरा मुद्दा आहे.

एव्हरनोटने डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्याला ५० नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा घातली. कंपनीने आपल्या मालाची किंमत लावली, त्यात गैर काही नाही. अडचण एवढीच की वापरणाऱ्याचं सगळं सामान त्यांच्या घरात होतं. म्हणून नवीन अ‍ॅप निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो बाहेर पडण्याचा: उद्या हे अ‍ॅप सोडायचं ठरलं, तर माझ्या नोंदी साध्या फाइली होऊन माझ्या हातात येतील का? ओपन सोर्स आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

मराठीत लिहिणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधी आपण शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांत पानंच्या पानं टाइप केली. आज ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं दिसतात. मजकूर हरवलेला नाही, पण कन्व्हर्टर शोधल्याशिवाय तो वाचताही येत नाही. नोंदींचं तसं होऊ नये म्हणून त्या युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या रूपात असाव्यात. त्यासाठी सध्या सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे मार्कडाउन. ही २००४ पासून चालत आलेली आहे: मथळ्याआधी हॅशचं चिन्ह, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे, बाकी सगळा साधा मजकूर. नोटपॅडमध्येही उघडतो, वाचता येतो.

ओपन सोर्सचा फायदा कुठे होतो, तेही नीट पाहू. ट्रिलियम नावाचं नोंदींचं एक तगडं अ‍ॅप आहे. २०२४ च्या सुरुवातीला मूळ लेखकाने त्यात नवी भर घालणं थांबवलं. कोड खुला होता म्हणून इतरांनी तो उचलला आणि ट्रिलियम नेक्स्ट या नावाने पुढे नेला, वापरणाऱ्यांचं काम अडलं नाही. याच्या उलट ओम्निव्होर. लेख साठवून नंतर वाचायचं हे अ‍ॅपही ओपन सोर्सच होतं, पण बहुतेक लोक त्यांच्याच सर्व्हरवर विसंबून होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेवा बंद होणार असं जाहीर झालं आणि नोव्हेंबरात ती बंद झालीसुद्धा. कोड आजही उपलब्ध आहे, पण ज्यांनी वेळेत आपला डेटा उतरवून घेतला नाही त्यांना त्या कोडचा काय उपयोग? म्हणून कोड खुला आणि डेटा आपल्या ताब्यात, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात.

आता जॉप्लिनबद्दल. ते विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन सगळीकडे चालतं. लायसन्स एजीपीएल, म्हणजे कोड खुलाच ठेवायला लावणारं. अ‍ॅपला पैसे पडत नाहीत. जॉप्लिन क्लाउड नावाची त्यांची स्वतःची पैसे घेणारी सेवा आहे, पण ती घेतलीच पाहिजे असं नाही. लॅपटॉप आणि फोन जोडायला ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड, वेबडॅव्ह किंवा साधं एक फोल्डर चालतं. गुगल ड्राइव्ह मात्र थेट चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेकांचं खातं तिथेच असतं. ड्रॉपबॉक्सवर फुकटात २ जीबी मिळतात, वनड्राइव्हवर ५. नुसत्या मजकुराला यातलं काहीही आयुष्यभर पुरेल. तुमच्याकडे पानांचे फोटो आहेत, म्हणून वनड्राइव्ह बरं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अटॅचमेंट आपोआप न उतरवता मागितल्यावरच उतरवायचा पर्याय आहे, तो निवडा, म्हणजे फोनची जागा खाणार नाही.

एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर दचकायला होतं. सिंकचं फोल्डर, म्हणजे लॅपटॉप आणि फोन जोडणारं क्लाउडवरचं फोल्डर, उघडून पाहिलंत तर तुमच्या नोंदींची नावं तिथे दिसणार नाहीत. दिसतील त्या ३२ अक्षर-अंकांच्या लांबलचक नावांच्या एमडी (म्हणजे मार्कडाउन) फाइली. त्यातली एखादी नोटपॅडमध्ये उघडा: वर शीर्षक, मग तुमचा मजकूर जसाच्या तसा, आणि खाली आयडी, कोणत्या वहीत आहे, कधी लिहिली, कधी बदलली अशा माहितीच्या ओळी. लॅपटॉपवर मात्र सगळा मजकूर एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतो. म्हणजे जॉप्लिन रोजच्या वापरात साध्या फाइली ठेवत नाही. पण फाइल मेनूतून एक्सपोर्ट, मग मार्कडाउन हा पर्याय निवडला की प्रत्येक वहीचं एक फोल्डर, प्रत्येक नोंदीची तिच्या नावाची फाइल आणि फोटो वेगळ्या फोल्डरात असं सगळं बाहेर येतं. फ्रंट मॅटरसह मार्कडाउन हा पर्याय घेतलात तर तारखा आणि टॅगही फाइलीच्या डोक्यावर लिहून मिळतात. अ‍ॅप बसवल्यावर पहिल्याच दिवशी दहा-बारा नोंदी टाकून हे एक्सपोर्ट करून पाहा. कोणतंही अ‍ॅप घ्या, ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या. हजार नोंदी झाल्यावर घेण्यात अर्थ नाही.

एव्हरनोटमधून येण्याची वाट सोपी आहे. मर्यादेच्या वर गेलेल्या नोंदी फुकट खात्यातही उघडता येतात आणि एक्सपोर्टही करता येतात. एव्हरनोटच्या डेस्कटॉप अ‍ॅपमधून एकेक वही ईनेक्स (एव्हरनोटचा स्वतःचा एक्सपोर्टचा प्रकार) फाइल म्हणून काढा आणि फाइलला वहीचंच नाव द्या, कारण जॉप्लिन त्या नावाची वही तयार करतं. सगळ्या नोंदी एकदम एकाच फाइलमध्ये काढल्या तर वह्यांची विभागणी हरवते. जॉप्लिनमध्ये आणताना मार्कडाउन आणि एचटीएमएल असे दोन पर्याय दिसतील, त्यातला मार्कडाउन घ्या. वेबवरून कापून घेतलेल्या काही पानांची मांडणी थोडी विस्कटेल, तेवढं सोसा. पुढे वीस वर्षं वाचता येणारा मजकूर त्या मांडणीपेक्षा मोलाचा आहे.

एनक्रिप्शन आपोआप चालू नसतं. नोंदींमध्ये खाजगी काही असेल तर ते आवर्जून चालू करा, म्हणजे वनड्राइव्हवर जाणारा मजकूर तिथे कोणाला वाचता येणार नाही. आधी फक्त लॅपटॉपवर चालू करायचं, सिंक पूर्ण होऊ द्यायचं, मग फोनवर पासवर्ड द्यायचा. दोन्हीकडे एकाच वेळी चालू करायला जाऊ नका. आणि तो पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा. तो गेला तर क्लाउडवरची प्रत कोणीही उघडून देऊ शकत नाही, जॉप्लिन बनवणारेसुद्धा.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही मी प्रत्येकाला बजावून सांगतो. एकीकडे पुसलेलं दुसरीकडेही पुसलं जातं. जॉप्लिनमध्ये आता ट्रॅश आहे, पण तेवढ्यावर राहू नका. डेस्कटॉपवर बॅकअपचं प्लगइन सोबत येतं. त्याने बनवलेलं फोल्डर महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या.

मराठीच्या काही खास खोडी आहेत, त्या इंग्रजी परीक्षणांत कुठेच सापडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी भाषांतराचं काम करतो, दिवसभर पारिभाषिक शब्दांच्या आणि उताऱ्यांच्या नोंदींत वावरतो, आणि सर्वांत जास्त अडतं ते शोधात. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ अशा शब्दांतला तो ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. फोनवर एका कीबोर्डने लिहिलेली नोंद लॅपटॉपवर दुसऱ्या कीबोर्डने शोधली की ‘काही सापडलं नाही’ असं येतं. उपाय दोन. दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहिणारे कीबोर्ड निवडा. आणि टॅग देताना हे अक्षर येणार नाही असे शब्द घ्या: ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ ऐवजी ‘शेती’. कोणतंही अ‍ॅप पसंत करण्याआधी त्यात जोडाक्षरांचे चार-पाच शब्द लिहून शोधून पाहा, अर्धा शब्द टाकूनही पाहा.

दुसरी खोडी आकड्यांची. मार्कडाउनमध्ये क्रमवार यादी इंग्रजी अंकांनीच (1, 2, 3) ओळखली जाते. तुम्ही ‘१.’ असं देवनागरी अंकाने लिहिलंत तर तो साधा मजकूर धरला जातो आणि पुढचा क्रमांक आपोआप येत नाही. वाचायला काही अडत नाही, फक्त क्रमांक हाताने टाका.

पानांच्या फोटोंबद्दल: फोटोतला मराठी मजकूर शोधात सापडेल या भरवशावर राहू नका. फोटोखाली पुस्तकाचं नाव, पान क्रमांक आणि विषयाचे दोन-तीन शब्द टाइप करून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि नंतरचा तासभर वाचतो.

दुसरे पर्याय थोडक्यात सांगतो. फाइली पहिल्यापासून उघड्या हव्या असतील, मधे डेटाबेस नकोच असेल, तर फोनवर एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अ‍ॅपांच्या दुकानातून मार्कोर हा मार्कडाउन एडिटर बसवा, लॅपटॉपवर कोणताही मार्कडाउन एडिटर घ्या आणि दोघांमधलं फोल्डर सिंकथिंग या ओपन सोर्स अ‍ॅपने जोडा. मधे कोणाचा सर्व्हर नाही, खातं नाही, पैसे नाहीत. मला स्वतःला ही मांडणी मनापासून आवडते, पण तुम्हाला पहिल्या फटक्यात सुचवणार नाही. सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं आणि आता इतरांनी चालवलेली आवृत्ती घ्यावी लागते. शिवाय इथे मराठीची तिसरी खोडी आड येते. अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंतच चालतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर याहून लांब नाव बिनतक्रार सेव्ह होतं आणि फोनवर मात्र ती फाइल येतच नाही. या वाटेने गेलात तर फाइलींची नावं आखूड ठेवा.

लॉगसेकही एजीपीएलच आहे. त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक मुद्दा, आणि मुद्दे एकमेकांना जोडत जायचे. रोज डायरीसारखं लिहिणाऱ्यांना ते फार मानवतं, पण तुमच्यासारख्या लांब उताऱ्यांना ते तुकडे पाडायला लावतं. शिवाय साध्या फाइलींकडून डेटाबेसकडे जाण्याचं काम तिथे सुरू आहे, तेव्हा सध्या थांबलेलं बरं. स्टँडर्ड नोट्स सुरक्षिततेत उत्तम आहे, २०२४ पासून प्रोटॉन या खाजगीपणावर भर देणाऱ्या ईमेल कंपनीबरोबर आहे, पण फुकटात साधा मजकूर ठेवता येतो, फोटो नाहीत, म्हणजे तुमचं काम होणार नाही. सिंपलनोटची अ‍ॅप्स ओपन सोर्स आहेत, सर्व्हर नाही.

ऑब्सिडियनचं नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. ते ओपन सोर्स नाही. पण फुकट आहे, २०२५ पासून ऑफिसच्या कामासाठीही, आणि नोंदी साध्या मार्कडाउन फाइलींत ठेवतं. माझ्या पहिल्या प्रश्नाला ते अनेक ओपन सोर्स अ‍ॅपांपेक्षा चांगलं उत्तर देतं, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. तुमची अट ओपन सोर्सची आहे म्हणून मी जॉप्लिन म्हणतो. ती अट सैल असेल तर ऑब्सिडियनमध्येही तुमचा मजकूर अडकून पडणार नाही.

जॉप्लिनची एक उणीव आहे: फोनवर ते गुगल कीपइतकं चटकन हाताशी येत नाही. भाजीची यादी, गॅसवाल्याचा नंबर असल्या गोष्टी जिथे आहेत तिथेच राहू द्या. जपून ठेवायच्या नोंदी तेवढ्या जॉप्लिनमध्ये न्या.

सुरुवात एका लहान वहीपासून करा. ती आणा, शोधून पाहा, फोनवर उघडा, एक्सपोर्ट करून नोटपॅडमध्ये वाचा. सगळं पटलं की बाकीच्या वह्या हलवा. एव्हरनोटचं खाते मात्र लगेच पुसू नका. ईनेक्स फाइली पेनड्राइव्हवर सांभाळून ठेवा, दोन-तीन महिने जॉप्लिनवर काढा, आणि जुनं काही शोधायला एव्हरनोट उघडावंच लागलं नाही, अशी खात्री झाली की मग ते खातं बंद करा.