फॉर्म भरशीलच, पण त्याआधी डीड (घराचं खरेदीखत) बघ

तुझी पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. घटस्फोट झालाय, कोर्टाची प्रोटेक्टिव्ह ऑर्डर (संरक्षण आदेश) हातात आहे, पुढच्या महिन्यात टेक्ससमध्ये घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्या आहेत आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या नोंदीतून पत्ता आधीच्या नवऱ्याला सापडू नये, एवढंच तुला हवंय. सहा वर्षांपूर्वी मी अगदी इथेच होते. वयाने मोठी असेन, म्हणून अगं-तुगं करते.

त्या नोंदीत पत्ता गुप्त ठेवायचा फॉर्म ५०-२८४ सगळे सांगतीलच. ऑर्डरची प्रत जोडून तो अप्रेझल डिस्ट्रिक्टला (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसला) द्यायचा, टॅक्स ऑफिसला नाही. घर फ्रिस्कोला असेल तर ते कॉलिन काउंटीत (जिल्ह्यात) येतं की डेंटनमध्ये, ते आधी बघ, म्हणजे फॉर्म योग्य डिस्ट्रिक्टला जाईल.

मी तो वेळेत दिला. डिस्ट्रिक्टच्या साइटवर माझं नाव टाकलं की काहीच येईना. मी निर्धास्त झाले. आणि पाडव्याला दारात कुरिअरचं खोकं. वर माझं पूर्ण नाव, घर नंबर, झिपकोड, सगळं बिनचूक. आत चकल्या आणि शंकरपाळ्या. पाठवणारी माझ्या आधीच्या नवऱ्याची आई, पुण्याहून. मी ते खोकं उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही.

पत्ता फुटला होता डीडमधून. डीडची नोंद काउंटी क्लर्ककडे होते आणि ५०-२८४ तिथे लागू होत नाही. घेणाऱ्याचा टपालाचा पत्ता डीडवर सहसा लागतो, आणि क्लोजिंगच्या टेबलावर मी सरळ नव्या घराचाच पत्ता सांगितला. वर पासपोर्टप्रमाणे तीन पदरी नाव: माझं, मधे त्याचं, शेवटी त्याचंच आडनाव. आडनाव टाकून शोधणाऱ्याला आणखी काय हवं? काउंटी क्लर्कच्या खिडकीवर तीनदा गेले. तिन्ही वेळा एकच उत्तर: नोंद सार्वजनिक आहे, काढता येणार नाही. तिसऱ्या वेळी तर बाईंनी ऑर्डरचा कागद उघडूनही पाहिला नाही. त्याचा राग अजून जात नाही.

मी वकील नाही, हा एका काउंटीतला माझा अनुभव आहे आणि कायदे बदलतात. तरी माझं ठाम मत सांगते. टायटल कंपनीकडून (खरेदीचे कागद आणि मालकी तपासणाऱ्या कंपनीकडून) डीडचा मसुदा आधी मागव आणि टपालाचा पत्ता पोस्ट बॉक्सचा दे. अॅटर्नी जनरलच्या ऑफिसचा अॅड्रेस कॉन्फिडेन्शिॲलिटी प्रोग्रॅम आहे, तो पर्यायी पत्ता देतो. त्यात बसतेस का ते घरात राहायला जाण्याआधीच विचार. नुसता पोस्ट बॉक्सही पुरत नाही, कारण डीडवर लॉट आणि ब्लॉक (जमिनीचे प्लॉट क्रमांक) असतात, त्यावरून घर निघतं. म्हणून घर ट्रस्टच्या नावावर घेता येईल का, होमस्टेड सवलत (स्वतः राहत्या घरावरची टॅक्स सूट) टिकेल का, हे वकिलाला विचारायला पैसे खर्च कर. मी तेवढे वाचवायला गेले आणि दोन वर्षांत घर विकावं लागलं. घटस्फोटाच्या डिक्रीत (कोर्टाच्या हुकुमात) माहेरचं नाव परत घेतलं नसशील तर तेही विचारून घे.

आणि महाराष्ट्र मंडळाच्या सभासद यादीतून पत्ता आजच काढायला सांग. गणपतीच्या पावतीवरही घालू नकोस. आपल्या माणसांना वाईट हेतू नसतो, पण "अगं, ती आता तिकडे राहते" हे सहज बोललं जातं.

मसुदा आला की नाव-पत्ता झाकून इथे टाक. कुठल्या ओळी बघायच्या ते मी सांगते.