मलप्रभेचा हात, खाडीचं पाणी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तू चोर्ला घाटातून उतरून मांडवीच्या खाडीवर फ्लाय (गळावर पिसं-धागे बांधून केलेलं खोटं आमिष) टाकायला जाणार, हे कळलं. खानापुरात मलप्रभेच्या काठी तुझा हात छान बसलाय. पण त्यातली एक सवय घाटावरच ठेवून जा. मासा लागला की तू गळाची काठी वर उचलतोस.

मीही तेच केलं होतं. पहिल्यांदा जिताडा (तिकडे त्याला चोणक म्हणतात) फ्लायवर आला, पाणी फाटल्यासारखा आवाज झाला, मी काठी उचलली आणि फ्लाय मोकळी माझ्याकडे परत आली. काठी उचलली की तिचं टोक वाकतं, सगळा जोर त्या वाकण्यात जातो, आणि कडक तोंडात गळ रुतायला काही उरत नाही. म्हणून टोक पाण्याकडेच रोखून ठेव आणि डाव्या हाताने लाइन लांब, ठाम मागे खेच. अशाने नेम चुकला तरी फ्लाय हातभरच सरकते, मासा वळून पुन्हा धरू शकतो. तो पळू लागला की मग काठी उचल. अंगणात धाकट्याला लाइनचं टोक धरायला लाव आणि हे शंभरदा कर. त्याशिवाय हात बदलत नाही.

जाताना कणकुंबीला चहाला थांबशील. तिथे उगवणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. आपल्याच तालुक्यात उगवणारी म्हादई पश्चिमेला उतरून मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. पाणी आपलंच, पण मुखाशी ते दिवसातून चारदा दिशा बदलतं. तुला नदीत एकाच ओघाची सवय आहे. खाडीत पाणी हलत असेल तेव्हाच मासा खातो, थबकलं की तोही थबकतो. मला ओहोटीचे पहिले दोन तास सगळ्यात आवडतात: खारफुटीतली बारकी मासळी बाहेर ओढली जाते आणि जिताडा ओहळाच्या तोंडाशी टपून असतो. तिथे फ्लाय ओघाच्या वरच्या बाजूला टाक, वाहत येऊ दे. भरतीचा जुना कोकणी हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण 3 वाजता पूर्ण भरती. तासाभराचा फरक पडतो, तेव्हा मोबाइलवरचं वेळापत्रकही बघ.

सामान फार नको. 8 नंबरची (हा नंबर लाइनच्या वजनाचा) 9 फुटी काठी आणि पांढऱ्या-हिरव्या क्लाउझर मिनो, म्हणजे बारक्या मासळीसारख्या दिसणाऱ्या फ्लाय. तिच्या शिशाच्या डोळ्यांमुळे गळाचं टोक वर राहतं, तळाला अडकत नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाक. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून पहाटेच उभा राहा.

आता जिवाचं बोलतो. मेअखेरीस वळीव येतो. ढग गडगडले की काठी खाली ठेव आणि पाण्यातून बाहेर ये. ग्रॅफाइटची काठी म्हणजे हातात धरलेली विजेची वाट. मासा लागलेला असला तरी लाइन कापून टाक. वाळूत पाऊल उचलून टाकू नकोस, घासत चाल, म्हणजे दबून बसलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, तिथे बोट घालू नकोस.

आणि मोठा जिताडा लागला तर सोडून दे. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो, म्हणजे थोरला मासा बहुधा अंड्यांची मादीच. पावसाच्या तोंडावर ती मुखाकडे उतरते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्या बंद असतात त्या याच कारणाने. काठावर उभ्या माणसानेही तेवढं पाळावं, असं मला मनापासून वाटतं. हात ओले करून धर, तोंड ओघाकडे ठेव, शेपटी स्वतःहून मारेपर्यंत सोडू नकोस.

परतल्यावर त्याच रात्री रीळ आणि लाइन गोड्या पाण्याने धू. मीठ सकाळपर्यंत थांबत नाही. रविवारी घरी ये, गळांची टोकं एकत्र बघू.

तुझा,
काका