कशाच्या ऐवजी?

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सकाळच्या वर्तमानपत्रात तूप हृदयाला हितकर, संध्याकाळी फोनवर तेच तूप घातक, आणि रविवारी घरी गेलास की आजीचा आग्रह. या ओढाताणीला कंटाळून ‘काहीही खाल्ले तरी सारखेच’ या निष्कर्षाला तू आलेला दिसतोस. आहारशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून इतक्यांदा ऐकले की आता त्याचा राग येत नाही. मान्य मात्र ते आजही होत नाही.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी रंगलेला वाद तुला आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा जेवावे आणि ते जेवण ५५ मिनिटांत संपवावे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे. लग्नाच्या पंगतीतही त्यावरून दोन तट पडत. पण दोघांचे सांगणे शेजारी ठेवून वाचलेस तर दिसेल की चारच्या चहासोबतचा बिस्किटांचा पुडा आणि डब्यातले फरसाण दोघांनाही नको होते. ज्याचे तोंड दिवसभर चालू असते त्याला पहिला सल्ला मानवतो, आणि जो दुपारपर्यंत उपाशी राहून रात्री वखवखून जेवतो त्याला दुसरा. (वाढत्या वयाच्या मुलांनी, गर्भवतींनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळांशी खेळू नये, हे दोन्ही तटांतल्या उत्साही मंडळींना सांगताना माझा घसा कोरडा पडला.) म्हणून कोणताही सल्ला ऐकलास की आधी विचार : हे कशाच्या ऐवजी?

करडईच्या तेलाची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात हे तेल पूर्वापार खाल्ले जाई. पुढे रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करणारे तेल म्हणून शहरांतही त्याला मान मिळाला. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली होती. त्यांतील एका गटाला प्राणिज मेद आणि नेहमीचे मार्गारिन (तेलापासून केलेला लोण्यासारखा पदार्थ) यांच्या जागी करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गारिन खायला सांगितले होते. त्या चाचणीची जुनी आकडेवारी पुन्हा तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आढळले की त्या गटाचे कोलेस्टेरॉल उतरले होते, तरी मृत्यू मात्र अधिक झाले होते. साहजिकच वनस्पती तेलांनाच दोषी ठरवणारे मथळे आले. मथळ्यांत न मावलेला भाग असा, की ते सर्व आधीच हृदयरोगी होते. त्यांना रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे १५ टक्के बहुअसंतृप्त मेदातून, म्हणजे करडईसारख्या पातळ तेलांतल्या मेदातून, घ्यायला सांगितले होते, जे आपल्या फोडणीच्या मानाने फार झाले. आणि त्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेद, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारा हृदयाला घातक मेद, असावा, अशी शंका काही शास्त्रज्ञांनी घेतली. सर्व चाचण्या एकत्र पाहिल्या तर संतृप्त मेदाऐवजी, म्हणजे तूप-लोण्यातल्या घट्ट मेदाऐवजी, वनस्पती तेले वापरणे हृदयाला हितकर, याच बाजूला पारडे आजही झुकते. एका चाचणीने शास्त्र उलटत नाही, आणि तिच्याकडे काणाडोळाही करता येत नाही. या दोहोंमधली जागा मथळ्याला सापडत नाही.

टक्केवारीचेही तसेच. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितले की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. वाचून धडकी भरते. पण पाश्चात्त्य देशांत हा रोग आयुष्यभरात शंभरातल्या साधारण पाच जणांना होतो. १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे जवळपास सहा. ती वाढ खरी आहे, आणि मथळ्याने मनात उभी केलेली वाढ निराळी आहे.

ज्यावर फारसा वाद नाही, ते बातमीत येतच नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. तुझ्या मेसचे लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ मोज. जेवणाआधी व नंतर तासभर चहा टाळावा, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, कारण चहातील टॅनिन अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जाऊ देत नाही. उसळीवर लिंबू पिळण्याचा परिणाम याच्या नेमका उलट. मटकीच्या उसळीची चित्रफीत कोणी लाखो लोकांना पाठवत नाही, याला माझा इलाज नाही.

पुढच्या पत्रासोबत सात दिवस काय खाल्लेस ते लिहून पाठव, आणि ताटाबाहेरचे, म्हणजे उभ्याने घेतलेला कटिंग, मित्राच्या पुड्यातली बिस्किटे, रात्री अकराच्या नूडल्स, वगळू नकोस. तुपाबद्दल जे सांगायचे ते मी ती यादी पाहून सांगेन. तोवर आजी वरणभातावर चमचाभर तूप वाढेल, ते निमूटपणे घे.

तुझे,
सर