सुट्टीत कोल्हापूरला येतोय, जुन्या समाध्यांचे फोटो काढायचे आहेत. कुठे जावं, कशी काळजी घ्यावी?

सरळ पंचगंगा घाट गाठा. छत्रपती घराण्याच्या समाध्या तिथेच आहेत. पावसाळ्यात मात्र नको. नदी चढली की घाटावरची लहान देवळं पाण्यात जातात.

सकाळी लवकर किंवा ऊन कलताना जा. काळ्या दगडावर भर दुपारचं ऊन पडलं की कोरीवकाम सपाट दिसतं. वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना, तर तिरपा उजेडच हवा. खालच्या चौकटीतली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य हे सगळं त्या सावल्यांमुळेच उठून येतं. तसा उजेड नसेल तर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. फ्लॅश नकोच. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा तेल फासणारे महाभाग असतात, त्यांच्यातले होऊ नका.

घाटाजवळच स्मशानभूमी आहे. कुणाचं रक्षाविसर्जन किंवा दिवसकार्य चालू असेल तर कॅमेरा खाली. समाधीच्या चौथऱ्यावर चढायचं तर चप्पल काढून. ख्रिश्चन किंवा मुस्लिम दफनभूमीत जाणार असाल तर राखणदाराला आधी विचारा, आणि ताज्या कबरींवरची नावं फोटोत घेऊ नका.

जाता जाता: कोल्हापूरच्या एका छत्रपतींचं स्मारक थेट इटलीत आहे. दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले, तिथेच आर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं. कधी तिकडे गेलात तर त्याचाही फोटो घ्या.