गटासमोर मूल नेताना

घणसोलीच्या शाळेत नुकतीच रुजू झालीस आणि शिक्षक साहाय्य गटासमोर, म्हणजे मुलाच्या अडचणीवर वर्गशिक्षकासोबत उपाय शोधणाऱ्या शाळेतल्या सहकाऱ्यांसमोर, पहिल्यांदाच एका मुलाबद्दल बोलणार आहेस, म्हणून सांगते. ‘लक्षच देत नाही’ एवढंच घेऊन जाऊ नकोस. आठवडाभर वहीत टिपून ठेव: कोणत्या तासाला, कशानंतर, किती वेळ. माझ्या चौथीतला एक मुलगा फळ्यावरचं उतरवताना दर ओळीला अडायचा, तोंडी विचारलं की धडाधड सांगायचा. नोंदी वाचून गटातल्या विशेष शिक्षिकेने आधी डोळे तपासून घ्यायला सांगितले. चष्मा लागला! तोवर मी त्याला आळशी समजत होते, त्याचं अजून वाईट वाटतं.

बैठकीत अडचण एकच घे. उपाय कोण करणार आणि पुन्हा कधी बसायचं, हे लिहूनच उठा. आईला बोलवा, तिच्या कामाच्या वेळा सांभाळून.

आणि गट निदान करत नाही. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकण्यातली खास अडचण, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येते, पण तिचा दाखला अधिकृत तपासणीनंतरच मिळतो. त्याला वेळ लागतो. तोवर मुलाला पुढच्या बाकावर बसव, लिहायला जास्त वेळ दे. त्यासाठी कुठलाच कागद लागत नाही.